उपाशी मनाला समजावता येत नाही: वाढत्या वयातले खाण्याचे आजार

वैदेही_नाशिक

घरात आठवी ते बारावीतलं मूल असेल त्यांनी हा धागा जरूर वाचावा. मी आहारतज्ज्ञ आहे. वजन उतरवायला येणाऱ्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती आईबाबा हाताला धरून घेऊन येतात त्या मुलामुलींची. तक्रार साधारण एकच असते: "आधी सगळं खायची. मग भात सोडला, मग गोड, मग तेल-तूप. आता काकडी आणि ताकावर दिवस काढते. काही विचारलं की अंगावर येते." तोवर घरच्यांनी सगळे उपाय करून झालेले असतात. समजावणं, रागावणं, शपथा घालणं, नव्या फोनचं आमिष, लाडक्या मावशीचा फोन. कशाचाच उपयोग होत नाही आणि पोरगी हट्टी आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलेलं असतं.

हा हट्ट नसतो. उपासमारीने माणसाचं मन बदलतं, आणि हे आपल्याकडे फार कमी बोललं जातं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने एक प्रयोग केला. युरोपात अन्नावाचून खंगलेल्या लोकांना पुन्हा कसं खायला घालायचं, हे त्यांना शोधायचं होतं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण स्वखुशीने पुढे आले. सगळे धडधाकट, मनाने खंबीर म्हणून पारखून घेतलेले. १९४५ मध्ये सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी असलं जेवण. त्यांच्यातल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. तरीही ते चिडचिडे झाले, एकेकटे राहू लागले, उन्हाळ्यातही थंडी वाजते म्हणू लागले. डोक्यात दिवसभर अन्न. काही जण पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, समोरचं जेवण पुरवून पुरवून खाऊ लागले, ताटं चाटू लागले. कित्येकांना नैराश्याने घेरलं. पुन्हा पोटभर मिळायला लागल्यावर काहींची भूक महिनोन्‌महिने शमेना, खाणं हाताबाहेर गेलं.

आता माझ्याकडे येणाऱ्या मुली आठवा. घरच्यांसाठी केक करायचा आणि स्वतः बोटही लावायचं नाही. रात्री दोनपर्यंत पदार्थांचे व्हिडिओ बघायचे. एका पोळीचे वीस तुकडे करायचे. मे महिन्यात स्वेटर. हे सगळं त्या प्रयोगातल्या पुरुषांनी केलं होतं, आणि त्यांनी तर कधी "मी जाड दिसते का?" असं कुणाला विचारलं नव्हतं.

म्हणून आईवडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे: आधी मन ताळ्यावर येईल, मग ती जेवेल, अशी वाट बघू नका. पोटात अन्न जायला लागल्याशिवाय तिला तुमचं बोलणं नीट पोहोचणारच नाही. का खात नाही याची चर्चा नंतर करता येईल. आज काय वाढायचं, शेजारी कोण बसणार, हे आधी ठरवा.

एक विनंती. प्रतिसादांत कुणीही वजनाचे आकडे, कॅलरी किंवा "मी हे हे सोडलं" अशी माहिती लिहू नका. हा धागा आजारी मुलंही वाचतील आणि असे आकडे त्यांच्या मनात घर करून बसतात.

सह्यकडा

वैदेहीताई, तुम्हाला दुखवायचा हेतू नाही, मनापासून विचारतो आहे. आम्ही पाच भावंडं, ताटात पडेल ते खायचो. जेवत नाही असं म्हणायची सोयच नव्हती. हा आजार मोबाईलने आणलाय का? आणि तो सुखवस्तू घरांतच होतो का? माझी नात चौदाची आहे, म्हणून विचारतो.

वैदेही_नाशिक

काका, विचारलंत हे बरं केलंत. आजार मोबाईलपेक्षा पुष्कळ जुना आहे. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७३ मध्ये खाणं तोडत नेण्याच्या या आजाराला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव दिलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनीही अशाच रुग्णांबद्दल लिहिलं. अनावर खाणं आणि मग ते बाहेर काढण्याची धडपड, म्हणजे बुलिमिया, हा वेगळा आजार म्हणून जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये मांडला. बाहेर न काढता नुसतं अनावर खाणं, बिंज इटिंग, याला अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत स्वतंत्र जागा मिळाली ती २०१३ साली.

पण समोरच्या चित्रांचा परिणाम होतो, हा तुमचा अंदाज खरा आहे. फिजीत नाद्रोगा नावाचा प्रांत आहे. तिथे भरलेलं, दणकट शरीर चांगलं मानत. १९९५ मध्ये तिथे टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या हार्वर्डच्या संशोधिकेने टीव्ही येताच शाळकरी मुलींची पाहणी केली आणि १९९८ मध्ये पुन्हा केली. वजनासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी पहिल्या पाहणीत एकही नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झालं होतं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, रील्स नव्हत्या.

आणि नाही काका, हा फक्त सुखवस्तूंचा आजार नाही. रिक्षा चालवणाऱ्या वडिलांची मुलगीही माझ्याकडे येते. अशा घरांत तो उशिरा लक्षात येतो एवढंच, कारण दोन्ही पालक दिवसभर बाहेर असतात आणि डबा परत आला की नाही हे बघायला कुणी नसतं.

मिहीर_व

मुलांबद्दलही लिहा. मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. आमच्या हॉस्टेलवर निम्मी पोरं जिमला जातात आणि त्यात वाईट काही नाही. पण माझा एक मित्र बहिणीच्या साखरपुड्याला गेला नाही, कारण तिथे त्याचं मोजून घेतलेलं जेवण मिळालं नसतं आणि एक वर्कआउट बुडलं असतं. दंड केवढे झालेत, तरी स्वतःला काडी म्हणतो. उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालतो. मेसमध्ये आमच्याबरोबर बसणं त्याने सोडलं. सगळे त्याला 'डेडिकेटेड' म्हणतात. मला त्याची भीती वाटते आणि हे कुणाशी बोलायचं ते कळत नाही.

डॉ_निखिल_के

मिहीर, तुझी भीती रास्त आहे. याला मसल डिसमॉर्फिया म्हणतात. पिळदार असूनही आपण किरकोळच आहोत असं वाटत राहणं, आणि त्यापायी नाती, अभ्यास, सणवार सगळं मागे पडणं. मुलगे तपासायला येतच नाहीत, कारण आजूबाजूचे त्यांच्या शिस्तीचं कौतुक करत असतात. मित्राच्या शरीराबद्दल काही बोलू नकोस, 'चांगला दिसतोस' असंसुद्धा नको. "तू साखरपुड्याला गेला नाहीस, मला तुझी काळजी वाटते" एवढंच म्हण. तो इंजेक्शन किंवा हॉर्मोनच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना दाखवायला उशीर नको.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. वैदेहींच्या 'आधी वाढा' या म्हणण्याला एक महत्त्वाची पुरवणी जोडतो. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं, तर रक्तातलं फॉस्फेट झपाट्याने उतरतं आणि हृदयाला धोका होतो. दुसऱ्या महायुद्धात सुटका झालेल्या युद्धकैद्यांत डॉक्टरांनी हे पाहिलं होतं. त्यामुळे मूल खूप खंगलं असेल तर पहिली पायरी म्हणजे बालरोगतज्ज्ञ किंवा फिजिशियन. झोपून आणि उभं राहून नाडी व रक्तदाब, ईसीजी, आणि रक्तात पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर. चक्कर येऊन पडणं, जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली असणं, पाणीसुद्धा नाकारणं, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

आणि रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून निर्धास्त होऊ नका. शरीर शेवटपर्यंत तडजोड करत राहतं. रिपोर्ट चांगले आणि मूल गंभीर, असं मी वारंवार पाहतो. वजनावरूनही फसू नका. आधी जाड असलेलं मूल झपाट्याने उतरलं, तर ते दिसायला 'नॉर्मल' असतानाच आजारी असू शकतं. मानसिक आजारांत सर्वाधिक जीव घेणाऱ्या आजारांमध्ये अ‍ॅनोरेक्सिया मोडतो, हे लक्षात असू द्या.

घरच्या घरी अंदाज घ्यायला लंडनच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये तयार केलेले पाच प्रश्न बरे पडतात. पोट फार भरलं म्हणून मुद्दाम उलटी होते का? किती खातोय यावरचा ताबा सुटल्याची चिंता वाटते का? गेल्या तीन महिन्यांत वजन बरंच उतरलंय का? इतर बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतं का? आयुष्यावर अन्नाचाच अंमल आहे असं वाटतं का? दोन 'हो' आले तरी तज्ज्ञांना गाठा.

औषधांबद्दल नेहमी विचारलं जातं. बुलिमियात फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीचा उपयोग होतो. अ‍ॅनोरेक्सियावर मात्र अशी खात्रीची गोळी नाही. तिथे अन्न हाच मुख्य उपचार, म्हणून वैदेहींशी मी पूर्ण सहमत आहे.

शुभदा_सांगली

आज पहिल्यांदाच इथे लिहितेय. मुलगी सोळाची, बारावी सायन्स. सुरुवात उपवासाने झाली. आधी संकष्टी, मग श्रावणी सोमवार, मग शनिवार, मग नवरात्राचे नऊही दिवस. सासूबाईंना कौतुक. बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या, "काय छान बारीक झालीस गं, आम्हालाही सांग." तिच्या चेहऱ्यावर असं हसू यायचं की मलाही बरं वाटायचं.

मग पाळी थांबली. एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफी झाली, पीसीओडी म्हणजे बीजकोशांचा आजार सांगितलं, गोळ्या दिल्या आणि वर "वजनावर लक्ष ठेव" असं तिलाच बजावलं. गोळ्यांनी पाळी येते, म्हणून घरात सगळे म्हणतात आता ठीक आहे. पण केस पुंजक्याने गळतात. पाठीवर, हातांवर बारीक लव आलीय. जेवणाच्या वेळेला तिला हमखास क्लास असतो. काल पोळीचा तुकडा ओढणीत लपवलेला मी पाहिला आणि कळेना की रागावू का जवळ घेऊ. तुमचं मिनेसोटाचं वाचून रडू आलं. कारण ती मैत्रिणींसाठी लाडू वळते आणि मागोमाग तीन वेळा हात धुते.

डॉ_निखिल_के

शुभदाताई, अंगावर मऊ लव येणं, केस गळणं, पाळी थांबणं, ही शरीराने ऊर्जा वाचवायला सुरुवात केल्याची चिन्हं आहेत. कमी खाण्यामुळे पाळी थांबलेल्या मुलींच्या सोनोग्राफीतही पीसीओडीसारखं चित्र दिसू शकतं आणि त्यातून गोंधळ होतो. गोळ्यांनी येणारा रक्तस्राव म्हणजे स्वतःहून आलेली पाळी नव्हे. दुसरं मत घ्या आणि तिने खाणं कसं कमी केलं ते सगळं डॉक्टरांना सांगा. वर लिहिलेल्या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या.

रेवती_लीड्स

शुभदा, मी तुझ्याएवढीच घाबरलेली होते, म्हणून सविस्तर लिहिते. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या लेकीला पंधराव्या वर्षी अ‍ॅनोरेक्सिया झाला. इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा दंडक असा की तातडीच्या मुलांचे उपचार एका आठवड्यात सुरू व्हावेत, बाकीच्यांचे चार आठवड्यांत. आम्हाला कुटुंबाधारित उपचार मिळाला. ही पद्धत १९८० च्या दशकात लंडनच्या मॉड्सली रुग्णालयात आकाराला आली. तिचं सूत्र सोपं आहे: काही काळ मुलीच्या खाण्याचे सगळे निर्णय आईबाबांनी घ्यायचे. आजार का झाला, कुणाचं चुकलं, हा शोध बाजूला ठेवायचा.

दुसऱ्याच भेटीत थेरपिस्टने सांगितलं, मुलीला आत्ता जे जेवण हवं असं तुम्हाला वाटतं, ते घेऊन या, इथे बसून जेवा. मी पोळ्या, बटाट्याची भाजी, वरणभात आणि शिरा नेला. लेक थिजून गेली. थेरपिस्ट आम्हाला म्हणाल्या, तिने ठरवलंय त्याच्यापेक्षा एक घास जास्त तिच्या पोटात जाऊ द्या, आज एवढंच. आम्ही दोघं दोन बाजूंना बसलो. ती रडली, ओरडली, मला नको ते बोलली. तो एक घास गेला.

घरी आल्यावर तीन जेवणं आणि मधली तीन खाणी, सहाही वेळा आमच्यापैकी कुणीतरी शेजारी. ताट मी वाढायचे, ती स्वयंपाकघरात यायची नाही. किती तूप घातलं, यावर चर्चाच करायची नाही. वाद सुरू झाला की आजार जिंकतो, कारण त्याच्याकडे उत्तरं तयार असतात. आम्ही दोनचार वाक्यं पाठ करून ठेवली होती. "कठीण आहे, माहितेय मला." "मी इथेच आहे." "पुढचा घास घे." कितीदाही, त्याच सुरात. जेवल्यावर तासभर कुणीतरी तिच्यासोबत असायचं, बाथरूममध्ये एकटीने जायचं नाही. धाकट्या भावावर जेवायला लावायची जबाबदारी टाकली नव्हती. जेवणानंतर तिच्याशी पत्ते खेळायचे, हे त्याचं काम.

आणखी एक गोष्ट आम्हाला शिकवली. शिव्या आजार देतो, लेक नाही. हे मनात ठेवलं म्हणून मी तग धरला. वजन सावरत गेलं तसं थोडंथोडं खाणं तिच्या हाती परत दिलं. आधी मधलं खाणं, मग शाळेतला डबा. मध्ये एकदा घसरलीही, पुन्हा सगळं हातात घेतलं. आजार नवा असताना आणि मूल अठराच्या आतलं असताना ही पद्धत सगळ्यात चांगली लागू पडते. तुझी लेक त्या वयात आहे, शुभदा.

वस्ताद_करवीर

मी कुस्तीचा प्रशिक्षक. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसला विनेश फोगाट १०० ग्रॅमसाठी बाद झाली तेव्हा सगळ्या देशाला वजन तोडणं म्हणजे काय ते कळलं. आमच्याकडे चौदा वर्षांची पोरं जिल्हा स्पर्धेआधी हेच करतात. पाणी बंद, घाम गाळणं, आणि स्पर्धा संपली की तडस लागेपर्यंत खाणं. १९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन तोडताना महिनाभरात दगावले. त्यानंतर तिथे नियम कडक झाले, अंगात पाणी पुरेसं आहे का ते तपासून मगच किमान वजनगट ठरवतात. माझ्या तालमीत वाढत्या वयाच्या पोराला खालच्या गटात उतरवायचं नाही, असा दंडक आहे. हरला तर हरला. पालक भांडतात, काही जण पोराला दुसरीकडे नेतात. नेऊ देत. वर पोळी लपवण्याबद्दल वाचलं आणि माझ्या पोरांपैकी दोघेतिघे डोळ्यांसमोर आले.

गुरुजी_परभणी

शाळेच्या आरोग्य तपासणीत मुलांची वजनं वर्गासमोर मोठ्याने वाचू नयेत, ही सर्व शिक्षकांना हात जोडून विनंती. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं आणि पुढे वर्षभर त्या मुलाला त्याच नावाने हाक मारतात.

अबोली_फुलं

मी वीस वर्षांची आहे. अकरावी ते एफवाय आजारी होते, आता बरीच सावरलेय. मोठ्यांना काही सांगायचंय.

बरी होत असताना कुणी "आता कशी छान भरलीस" म्हटलं की मला फक्त "जाड झालीस" ऐकू यायचं आणि संध्याकाळचं जेवण अडकायचं. "चेहऱ्यावर तेज आलंय" हेसुद्धा नको. शरीराबद्दल चांगलं-वाईट काहीच बोलू नका. मी गाणं शिकते, मला त्याबद्दल विचारा. लग्नकार्यात गेलं की नमस्काराच्या आधी वजनावरच येतात सगळे. आई माझ्यापुढे उभी राहायची आणि म्हणायची, "तिच्या वजनाबद्दल आम्ही बोलत नाही." नातेवाईक दुखावले. माझं जेवण मात्र अडकलं नाही.

आणि फोन. तो काढून घेतलात तर आम्ही मैत्रिणीचा वापरू. माझ्या ताईने मला शेजारी बसवून 'मी दिवसभरात काय खाते' छापाची सगळी खाती बंद करून दिली, आणि तशा रील्स पुन्हा आल्या की 'नको' दाबायला शिकवलं. इन्स्टाग्रामच्या कंपनीची आतली कागदपत्रं २०२१ मध्ये बाहेर आली होती. आधीच स्वतःच्या शरीराबद्दल वाईट वाटत असलेल्या मुलींपैकी ३२ टक्के मुलींनी इन्स्टाग्रामने ते आणखी वाढतं असं सांगितल्याचं त्यात होतं. कंपनीला हे माहीत होतं. वाचून मला खूप राग आला होता, आणि तो राग पहिल्यांदाच स्वतःवर नव्हता.

शुभदाकाकू, तिने पोळी लपवली तेव्हा ती तुम्हाला फसवत नव्हती, ती खूप घाबरलेली असणार. जवळ घ्या. आणि दुसरी पोळी वाढा.

शुभदा_सांगली

अबोली, बाळा, फार फार आभार. रेवतीताई, डॉक्टर, तुमचेही. उद्याची वेळ घेतली आहे. तीन अडचणी आहेत. बारावीचं वर्ष आहे. सासूबाई उपवास मोडू देणार नाहीत. आणि आमच्या भागात या आजाराची माहिती असलेलं कुणी मला माहीत नाही.

वैदेही_नाशिक

शुभदाताई, उपवासापासून सुरू करते. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि आजारी यांना व्रतांतून सूट आहे, बालवृद्धातुर असं सासूबाईंच्याच पिढीने म्हटलंय. त्यांना विरोधात उभं करू नका, कामाला लावा. डॉक्टरांकडे सोबत न्या आणि 'ही आजारी आहे, हिला उपवास नाही' हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. नंतर दुपारचं खाणं त्यांच्या देखरेखीखाली. आग्रह, टोमणे, रडणं नको, फक्त शेजारी बसायचं. बरी झाली तरी पुढची काही वर्षं उपवास नकोच, कारण आजार त्याच दाराने परत येतो.

मदतीसाठी टेलिमानस ही केंद्र सरकारची सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा क्रमांक, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. त्यांना तुमच्या जिल्ह्यातल्या मानसोपचार सेवेबद्दल विचारा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतात, तिथेही चौकशी करा. जवळ अनुभवी माणूस नाही मिळालं, तर बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तिघांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावा. तिघांनी तिला तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर आजार सोयीची तेवढी उचलतो. विमा असेल तर कागद जपून ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरावे लागतात.

बारावीचं म्हणाल तर अर्धपोटी मुलीचा अभ्यास तसाही डोक्यात शिरत नाही, ती पानापानावर अडकलेली असते. हे वर्ष गेलं तरी पुढच्या वर्षी परीक्षा देता येईल. कॉलेज सुरू ठेवायचं की थांबवायचं, हे नाडी आणि वजन बघून डॉक्टर ठरवतील. सुरू राहिलं तर वर्गशिक्षिकांना इतकंच कळवा: मधल्या सुट्टीतला डबा ती रोज एका ठरलेल्या शिक्षिकेसमोर खाईल, खेळाचा तास आणि जिने चढण्याच्या फेऱ्या बंद, आणि जेवणाच्या वेळेत क्लास घ्यायचा नाही. कारण विचारलं तर 'डॉक्टरांनी सांगितलंय' एवढं पुरे.